वणव्याशी आकाशातून झुंज

कॅलिफोर्नियातील लॉस एंजलिस शहराच्या पश्चिमेला असलेल्या पॅसिफिक पॅलिसेड्स या वस्तीलगतच्या डोंगरावर ७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी आग लागली. वणवे विझविणाऱ्या विमानांचा आणि हेलिकॉप्टरांचा जगातील सर्वांत मोठा मुलकी ताफा याच राज्याकडे आहे. विमाने तातडीने आलीही. मात्र, ‘सांता आना’ या नावाने ओळखले जाणारे कोरडे वारे सायंकाळपर्यंत इतके पिसाटले, की विमानांना जमिनीवर उतरावे लागले. त्या रात्री पॅलिसेड्समधील आणि शहराच्या ईशान्येकडील आल्टाडेना या गावातील घरे एकापाठोपाठ एक पेटत गेली. या दोन आगींत किमान ३१ जणांचा बळी गेला आणि सोळा हजारांहून अधिक वास्तू भस्मसात झाल्या.

या बातमीबरोबर जगभर छायाचित्रे पोहोचली ती टेकड्यांवरून लालभडक रसायनाचा पट्टा सोडत जाणाऱ्या विमानांची. आग लागली की विमाने येतात आणि ती विझवितात, असा समज अशा छायाचित्रांमुळे सहज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. विमान आगीचा वेग कमी करते, तिची वाट काही काळ अडविते. ती पूर्णपणे विझविण्याचे काम मात्र कुदळी, फावडी आणि पाण्याचे पाइप घेऊन जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांनाच करावे लागते. विमानाने मिळवून दिलेल्या वेळात ही माणसे पोहोचली नाहीत, तर हजारो लिटर पाणी वाया जाते. अमेरिकेत शतकभर चाललेल्या प्रयोगांनी आणि त्यांत गेलेल्या जिवांनी हाच धडा दिला आहे.

सुरुवात टेहळणीपासून

वणव्याच्या कामी विमानाचा पहिला उपयोग झाला तो धूर शोधण्यासाठी. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराकडे विमाने होती आणि वैमानिकांना काम नव्हते. १९१९ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील मार्च फील्ड या तळावरून लष्करी वैमानिकांनी वनखात्यासाठी जंगलांवर गस्त घालण्यास प्रारंभ केला. सुरुवातीच्या विमानांत रेडिओ नव्हता. आग दिसली, की तिचे ठिकाण चिठ्ठीवर लिहून ती खाली टाकायची किंवा कबुतराबरोबर पाठवायची, अशी पद्धत होती.

आग दिसली तरी दुर्गम पर्वतराजीत तेथपर्यंत माणसे पोहोचण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवस लागत. १९३० च्या दशकात विमानातून पाणी टाकण्याचे काही प्रयोग झाले. पण ते फसले. पाणी टाकता येत नसेल तर माणसेच खाली सोडावीत, असा विचार पुढे आला. वॉशिंग्टन राज्यात १९३९ मध्ये चाचण्या झाल्यानंतर १२ जुलै १९४० रोजी आयडाहोतील नेझ पर्स राष्ट्रीय वनात रुफस रॉबिन्सन आणि अर्ल कूली या दोघांनी पॅराशूटच्या साह्याने पेटत्या जंगलाजवळ उडी घेतली. ‘स्मोकजंपर’ या दलाची ही पहिली कामगिरी. आग लहान असतानाच तिच्यापर्यंत पोहोचणे, हे या दलाचे सूत्र होते.

हे सूत्र किती महागात पडू शकते, याचा प्रत्यय ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यातील मान गल्च या दरीत आला. स्मोकजंपरांची तुकडी खाली उतरली आणि तेथील एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. वाऱ्याने आग दरीच्या तोंडाशी आणली आणि वाळलेल्या गवताच्या चढावरून ती माणसांच्या पाठीशी लागली. १६ पैकी १३ जण मृत्युमुखी पडले. तुकडीचा प्रमुख वॅगनर डॉज याने पुढचे गवत स्वतःच पेटवून दिले आणि जळून गेलेल्या राखेत तो पालथा पडून राहिला. त्यामुळे तो बचावला. विमानाने माणसे वेळेत पोहोचविली होती. त्यांच्या मदतीला आकाशातून पाणी आणण्याची सोय मात्र तेव्हा नव्हती.

भातपेरणीच्या विमानातून पाणी

ही सोय एका शेती-वैमानिकाच्या कार्यशाळेत निर्माण झाली. उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो राष्ट्रीय वनात जुलै १९५३ मध्ये ‘रॅटलस्नेक’ नावाची आग लागली. रात्रीच्या सुमारास वारा अचानक फिरला आणि आग विझविण्यास गेलेले १५ जण दरीत अडकून मरण पावले. त्यांतील बहुतेक जण स्वयंसेवक होते. या घटनेने अस्वस्थ झालेल्यांपैकी एक होते, त्याच वनातील अग्निशमन अधिकारी जोसेफ ईली.

जवळच्या विलोज गावाच्या विमानतळावर फ्लॉइड नोल्टा आणि त्यांचे भाऊ विमानातून भाताची पेरणी आणि पिकांवर फवारणी करण्याचा व्यवसाय करीत. विमानातून आगीवर पाणी टाकता येईल का, अशी विचारणा नोल्टा यांच्याकडे झाली. त्यांनी महायुद्धकाळातील प्रशिक्षणासाठी बनलेल्या ‘बोइंग स्टिअरमन’ या द्विपंखी विमानात सुमारे ६४० लिटरची टाकी बसविली आणि विमानाच्या पोटाला झटक्यात उघडणारे दार केले. धावपट्टीलगतचे वाळलेले गवत पेटवून त्यावर चाचणी घेण्यात आली. १२ ऑगस्ट १९५५ रोजी फ्लॉइड यांचे बंधू व्हान्स नोल्टा यांनी याच विमानातून मेंडोसिनो वनातील ‘मेंडेनहॉल’ आगीवर पाणी टाकले. टँकर विमानांच्या इतिहासाची सुरुवात येथून मानली जाते.

पुढील वर्षी, १९५६ मध्ये, अशा सात विमानांचे पहिले पथक उभे राहिले. पीक-फवारणीची विमाने लहान पडू लागली, तेव्हा महायुद्धातून उरलेली लष्करी विमाने स्वस्तात विकत घेऊन त्यांत टाक्या बसविण्यात आल्या. शत्रूच्या बोटींवर पाणतीर सोडणारी ‘अॅव्हेंजर’, जर्मनीवर बॉम्बफेक करणारी ‘बी-१७’, समुद्रावर पाळत ठेवणारी ‘कॅटालिना’ ही विमाने अशा रीतीने वणव्यांच्या कामी आली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील लाकूड कंपन्यांनी तर अमेरिकी नौदलाची ‘मार्टिन मार्स’ ही चार महाकाय नौकाविमाने घेतली. त्यांतील एक १९६१ मध्ये आगीवर असतानाच कोसळले, दुसरे १९६२ च्या वादळात मोडले; उरलेली दोन त्यानंतर कित्येक दशके सेवेत राहिली.

रसायन आगीवर नव्हे, आगीच्या पुढे

निव्वळ पाण्याची अडचण लवकरच लक्षात आली. उंचावरून सोडलेल्या पाण्याचे वाऱ्याने तुषार होतात, बरेचसे पाणी वाटेतच वाफ होऊन जाते आणि जमिनीवर पडलेलेही कडक उन्हात लगेच वाळते. त्यामुळे १९५६ पासून पाण्यात सोडियम-कॅल्शियम बोरेट मिसळण्यात येऊ लागले. टँकर विमानांना ‘बोरेट बॉम्बर’ हे नाव पडले ते त्यामुळेच. पण बोरेट पडलेल्या जागी पुन्हा काही उगवेना, असे दिसून आल्यावर त्याचा वापर थांबविण्यात आला.

त्याची जागा घेतली ती अमोनियम फॉस्फेटने. हे मुळात शेतीचे खत आहे. त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. लाकूड, गवत आणि पाने तापली की त्यांतील सेल्युलोजमधून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि ज्वाळा उठतात त्या या वायूंच्या. फॉस्फेटचा लेप असेल तर तापलेल्या सेल्युलोजपासून अशा वायूंऐवजी कोळसा आणि पाण्याची वाफ अधिक प्रमाणात तयार होते. मिश्रणातील पाणी वाळून गेले तरी लेपाचा हा गुण टिकून राहतो.

त्यामुळेच हे रसायन साधारणतः ज्वाळांवर टाकत नाहीत. आग ज्या दिशेने सरकत आहे तिकडच्या न जळलेल्या झाडोऱ्यावर त्याचा पट्टा ओढला जातो. पट्टा कोठे पडला हे पुढच्या वैमानिकाला आणि जमिनीवरील पथकाला दिसावे म्हणून त्यात लोहाचे तांबडे ऑक्साइड मिसळतात. छायाचित्रांतला लाल रंग तो हाच. याउलट तळ्यातून किंवा समुद्रातून भरलेले साधे पाणी हेलिकॉप्टरे आणि उभयचर विमाने थेट ज्वाळांवर टाकतात. त्यामुळे आगीची धग कमी होते आणि माणसांना तिच्या जवळ जाता येते.

एका फेरीमागील शिस्त

पेटलेल्या डोंगरावर टँकर विमान एकटे कधी जात नाही. सर्वांत वर एक लहान विमान घिरट्या घालत असते. त्यातील अधिकारी कोणत्या विमानाने कोणत्या क्रमाने यायचे, कोठे टाकायचे, हे ठरवितो. कॅलिफोर्नियात या कामासाठी व्हिएतनाम युद्धाच्या काळातील ‘ओव्ही-१० ब्रॉन्को’ ही विमाने वापरली जातात. मोठ्या टँकरच्या पुढे अनेकदा एक मार्गदर्शक विमान जाते. ते आधी तोच मार्ग उडून वारा, विजेच्या तारा आणि दरीतून बाहेर पडण्याची वाट पाहून घेते. टँकर त्यामागोमाग झाडांच्या शेंड्यांपासून जेमतेम दीडशे ते दोनशे फूट उंचीवर येतो, भार सोडतो आणि हलका होताच वर चढतो.

विमानाची टाकी किती मोठी, यापेक्षा ते तासाला किती फेऱ्या करते, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते. रसायन नेणाऱ्या विमानाला दर वेळी तळावर परतावे लागते. उभयचर विमानाला जवळ पुरेसे मोठे तळे किंवा शांत समुद्र मिळाला, तर ते पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत अवघ्या १२ सेकंदांत सुमारे ६१०० लिटर पाणी भरून घेते. ‘कॅनडेअर सीएल-४१५’ हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याची आधीची आवृत्ती असलेल्या ‘सीएल-२१५’ ने १९६७ मध्ये पहिले उड्डाण केले. भूमध्य समुद्राकाठच्या फ्रान्स, स्पेन, इटली, ग्रीस आदी देशांची भिस्त आजही या दोन विमानांवर आहे.

कॅलिफोर्नियाच्या ‘कॅल फायर’ या खात्याने तळांची आखणी करताना वेळेलाच महत्त्व दिले आहे. राज्याच्या अखत्यारीतील भागात कोठेही आग लागली, तरी साधारण २० मिनिटांत विमान पोहोचावे आणि ९५ टक्के आगी १० एकरांच्या आतच रोखाव्यात, असे त्याचे उद्दिष्ट आहे. आग लहान असेपर्यंतच विमानाचा खरा उपयोग, हे त्यामागील गणित आहे.

कोणाची क्षमता किती?
(सर्व आकडे ढोबळमानाने)

– बोइंग स्टिअरमन (१९५५) : ६४० लिटर
– एमआय-१७ हेलिकॉप्टरची बादली : ३५०० लिटर
– ग्रुमन एस-२टी : ४५०० लिटर
– कॅनडेअर सीएल-४१५ : ६१०० लिटर
– सी-१३० (फिरती टाकी बसविलेले) : ११,३०० लिटर
– बेरिएव्ह बीई-२०० : १२,००० लिटर
– मार्टिन मार्स (आता संग्रहालयात) : २७,००० लिटर
– डीसी-१० : ३५,५०० लिटर
– बोइंग ७४७ सुपरटँकर (२०२१ मध्ये सेवेतून बाहेर) : ७२,००० लिटर

वैमानिकांनी मोजलेली किंमत

कमी उंची, धूर, तप्त हवेचे झोत आणि पाणी सोडताच क्षणात बदलणारे वजन यांमुळे हे उड्डाण धोक्याचे असते. त्यात विमाने जुनी असतील, तर धोका दुणावतो. १७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉकर येथे रसायन टाकत असलेल्या ‘सी-१३०ए’ विमानाचे दोन्ही पंख तुटून वर मिटले आणि तिघेही कर्मचारी ठार झाले. चित्रफितीत टिपली गेलेली ती दृश्ये जगभर दाखविली गेली. महिनाभरातच, १८ जुलै रोजी, कोलोरॅडोतील एस्टेस पार्कनजीक दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ‘पीबी४वाय-२’ विमान पंख तुटून कोसळले. त्यात दोघांचा मृत्यू झाला. धातूला वर्षानुवर्षे बसलेल्या ताणामुळे पडलेल्या तडा, हे कारण चौकशीत पुढे आले.

या अपघातांनंतर तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. २००४ मध्ये अमेरिकी सरकारने ३३ मोठ्या टँकर विमानांचे करार रद्द केले. स्वस्तात मिळालेल्या लष्करी विमानांच्या युगाचा तो शेवट होता. त्यानंतर प्रवासी जेट विमानांत टाक्या बसविण्याकडे कल वाढला.

तरीही अपघात थांबलेले नाहीत. ऑस्ट्रेलियातील भीषण वणव्यांच्या काळात २३ जानेवारी २०२० रोजी न्यू साउथ वेल्समधील कूमाजवळ ‘सी-१३०’ कोसळून तीन अमेरिकी कर्मचारी ठार झाले. तुर्कस्तानात ऑगस्ट २०२१ मध्ये ‘बीई-२००’ डोंगरावर आदळून आठ जणांनी, तर ग्रीसच्या एविया बेटावर जुलै २०२३ मध्ये ‘सीएल-२१५’ कोसळून दोन वैमानिकांनी प्राण गमावले.

विमाने हतबल होतात तेव्हा

लॉस एंजलिसच्या आगीने विमानांच्या साऱ्या मर्यादा एकाच आठवड्यात समोर आणल्या. पहिली मर्यादा वाऱ्याची. वारा फार वाढला की विमान चालविणे धोक्याचे ठरतेच. पण ते चालविले तरी सोडलेले पाणी लक्ष्यावर पडत नाही. शिवाय वाऱ्याबरोबर उडणारे निखारे रसायनाचा पट्टा ओलांडून बऱ्याच अंतरावर नव्या आगी लावतात. मोठी हानी करणारे वणवे बहुधा अशाच वाऱ्यांत पसरतात. म्हणजेच विमानांची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती जमिनीवर असतात.

दुसरी मर्यादा रात्रीची आणि धुराची. अंधारात पाहण्याची उपकरणे लावून काही हेलिकॉप्टरे रात्री काम करतात. टँकर विमाने मात्र मुख्यतः दिवसाउजेडीच उडतात. तिसरी अडचण माणसाने निर्माण केलेली. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताकडून लॉस एंजलिस परगण्याला १९९४ पासून दर वर्षी ‘सीएल’ जातीची दोन विमाने भाड्याने मिळतात. ९ जानेवारी २०२५ रोजी त्यांपैकी एकाला आगीची दृश्ये टिपू पाहणाऱ्या खासगी ड्रोनची धडक बसली. पंखाला भोक पडले आणि ऐन गरजेच्या वेळी विमान दुरुस्तीसाठी उभे करावे लागले. ड्रोन उडविणाऱ्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

रसायनाचाही प्रश्न आहे. ओढ्यात किंवा तळ्यात पडलेले अमोनियायुक्त मिश्रण माशांना घातक ठरते. त्यामुळे जलप्रवाहांच्या दोन्ही काठांना सुमारे ९० मीटर पट्टा सोडण्याचा नियम अमेरिकी वनखात्याने केला आहे. तो दर वेळी पाळला जात नाही, अशी तक्रार एका संघटनेने न्यायालयात नेली. मे २०२३ मध्ये मोंटानातील संघीय न्यायालयाने परवाना न घेता पाण्यात रसायन टाकणे हा जलप्रदूषण कायद्याचा भंग असल्याचा निर्णय दिला. मात्र, जीवित व मालमत्तेचा विचार करून परवाना मिळेपर्यंत वापर थांबविण्यास नकार दिला.

भारतातील अनुभव

भारतात वणव्यांसाठी अशी टँकर विमाने नाहीत. मोठी आग लागली, की राज्य सरकार हवाई दलाकडे मदत मागते आणि ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर दोराला टांगलेली घडीची बादली घेऊन येते. ‘बांबी बकेट’ नावाने ओळखली जाणारी ही बादली कॅनडातील डॉन आर्नी यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तयार केली. उत्तराखंडमध्ये २०१६, २०२१ आणि २०२४ च्या वणव्यांत हवाई दलाने नैनितालजवळच्या भीमताल तलावासह तेथील जलाशयांतून पाणी उचलले. नागालँड-मणिपूर सीमेवरील झुकू खोऱ्यात २०२१ च्या प्रारंभी आणि राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात मार्च २०२२ मध्ये हीच पद्धत वापरण्यात आली. गोव्यात मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दल या दोघांचीही हेलिकॉप्टरे मदतीला आली होती.

या मदतीचे मोल आहेच. पण तिला मर्यादाही आहेत. २०१६ मध्ये उत्तराखंडच्या दऱ्यांत साचलेल्या धुरामुळे हेलिकॉप्टरांना वारंवार अडथळा आला. दुसरे असे, की आपल्याकडील बहुतेक वणवे झाडांच्या शेंड्यांवरून पसरत नाहीत. ते जमिनीवरील पालापाचोळ्यातून, चीड वृक्षाच्या वाळलेल्या सुयांतून सरकतात. वरून टाकलेले पाणी अशा वेळी दाट छत्रावरच अडते. अशी आग अडविण्याचा खात्रीचा उपाय आजही जमिनीवरचाच आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्याने आगीची सूचना वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठविते. महाराष्ट्रात उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढून जंगलाचे पट्टे वेगळे केले जातात आणि पाचोळा उडविणाऱ्या ब्लोअर यंत्रांनी आगीपुढची जमीन मोकळी केली जाते. विदर्भात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची प्रथा आहे. ही आग पसरू नये यासाठी गावकऱ्यांशी बोलणे हाही या कामाचा भाग असतो.

तरीही ही जमिनीवरची माणसे सर्वांत असुरक्षित आहेत. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेले चार वनकर्मचारी होरपळून मरण पावले. जखमींपैकी काहींचा पुढे उपचारांदरम्यान मृत्यू झाला. पाणी टाकण्यासाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर आले, ते या दुर्घटनेनंतर. मान गल्चच्या दरीत १९४९ साली जे घडले, त्याहून हे फार वेगळे नव्हते.

भारताने टँकर विमाने घ्यावीत का, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या वणव्यानंतर निघतो. त्याचे उत्तर शोधताना कॅलिफोर्नियाचा अनुभव विचारात घ्यावा लागेल. तेथे विमानाआधी टेहळणी आहे, वीस मिनिटांच्या अंतरावर तळ आहेत आणि विमान पोहोचण्याच्या सुमारास आगीपाशी येणारी प्रशिक्षित पथके आहेत. एवढे असूनही जोराच्या वाऱ्यापुढे ती यंत्रणा एका रात्रीत निरुपाय ठरली. या साखळीतील जमिनीवरचे दुवे कच्चे असतील, तर सर्वांत मोठे विमानही जंगलावर लाल पट्टा ओढून परत जाईल आणि आग तो पट्टा वळसा घालून ओलांडेल. वनरक्षकाला आगीची सूचना वेळेत मिळणे, त्याच्या अंगावर आगीपासून वाचविणारे कपडे असणे आणि परतीची वाट त्याला ठाऊक असणे, या गोष्टींची तरतूद विमानाच्या खरेदीआधी करावी लागेल.